दोघींचं अक्षर

४ मार्च

चि. टिंगूस ताईचा आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी मिळालं, म्हणजे तू ते शनिवारी टाकलंच नाहीस. ठरलं काय होतं? शनिवारी सकाळी लिहायचं आणि दुपारच्या आत पेटीत टाकायचं. अडतीस वर्षांची घोडी झालीस तरी मलाच घंटा वाजवावी लागते. असो. पत्र पोचलं, जीव भांड्यात पडला.

नोकरी लागली, खोली मिळाली, घरमालकीण बोलायला बरी आहे, सगळं वाचलं. पण पाचव्या ओळीपासून तुझं अक्षर खाली उतरलंय. पेन्सिलीने रेघ आखून घेत नाहीस ना हल्ली? अक्षर उतरलं की मला कळतं, तुझं काहीतरी बिनसलंय. म्हणूनच मी म्हणते, फोन नको, पत्र लिही. फोनवर माणूस गोड बोलून वेळ मारून नेतं, कागदावर ते जमत नाही. हे अक्षर मी तुला हाताला धरून शिकवलंय. तुझ्या वर्गाच्या बाई तुझी वही बघून विचारायच्या, हे ताईने लिहिलं ना? आणि तू रडायचीस. आजही दोन कागद शेजारी ठेवले तर देवालासुद्धा सांगता यायचं नाही कुणाचं कुठलं.

वाळकी पानं कागदावर चिकटवायची आणि खाली त्यांची नावं लिहायची, याला कुणी पगार देतं हे ऐकून शेजारची हसली. मी म्हटलं, हस बाई, पण त्याला अक्षर लागतं, आणि ते माझ्या बहिणीकडे आहे.

खोलीची दुसरी किल्ली पाठव. वेळ काही सांगून येत नाही. आई तुला माझ्या ओटीत टाकून गेली तेव्हा तू चार महिन्यांची होतीस. मी चौदाची. तेव्हापासून एक दिवस मी तुझी किल्ली खाली ठेवलेली नाही.

तुझी ताई

२० मार्च

ताई,

किल्ली सोबत पाठवतेय. चिंधीत गुंडाळली आहे, पाकीट फाटू नये म्हणून.

इथलं काम मला आवडतंय. लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना कपाटं, आणि कपाटांत शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणी कुणी खुडून आणलेली झाडं. एकेका कागदावर एकेक फांदी. गोंद सुटला की पानं गळतात, ती परत बसवायची आणि चिठ्ठी विटली असेल तर नवी लिहायची. छापलेली चिठ्ठी चालत नाही. मुख्य बाई म्हणतात, छपाई उडते, शाई राहते. मधल्या टेबलावर एक तिरका दिवा आहे. तो एका बाजूने लावला की पानाची एकूण एक शीर उठून दिसते.

एक गंमत सांगते. चिमटा माझ्या डाव्या हातातच येतो, आपोआप. मुख्य बाईंनी पाहिलं नि म्हणाल्या, तुमचा डावा हात जास्त हुशार दिसतोय. मी झटकन चिमटा उजव्या हातात घेतला, चोरी पकडली गेल्यासारखा. मी पाच वर्षांची असताना तू तो हात वेणीच्या तांबड्या फितीने खुर्चीला बांधायचीस, आठवतं? इतकी वर्षं झाली, अजून मनगटाला ती फीत असल्यासारखं वाटतं.

नवी कपाटं करायला एक सुतार येतात. त्यांची बायको पाच वर्षांपूर्वी गेली. करवतीपाशी आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आम्ही फळीच्या तुकड्यांवर पेन्सिलीने लिहून बोलतो. मी लिहिलेले तुकडे ते फेकत नाहीत. मी विचारलं, का, तर लिहिलं, "असल्या अक्षरावर रंधा मारायला हात होत नाही."

तुझी टिंगू

९ एप्रिल

चि. टिंगूस आशीर्वाद.

सोमवारी मी तुझ्याकडे येऊन गेले. तू कामावर होतीस, म्हटलं कशाला त्रास द्यायचा. किल्ली होतीच. खोलीची काय दशा करून ठेवली होतीस. पलंग खिडकीपाशी लावलेला, वारा लागतो ना. मी तो भिंतीला सरकवला. तो कानतुटका निळा पेला टाकून दिला. घरमालकिणीला सांगून आले की रात्री आठच्या पुढे तू बाहेर राहिलीस तर मला एक ओळ टाकायची. भली बाई आहे, हो म्हणाली.

खिडकीत लाकडाचे तुकडे होते, ते वाचले. सगळे वाचले.

बये, रागावत नाही. पण ऐक. तू त्या वेळी लहान होतीस, बाबा काय चीज होते ते मला विचार. दारातल्या चपलांची टोकं बघून कोण कुठे जाऊन आलं ते ओळखायचे. दुधाने तोंड पोळलेलं माणूस आहे मी, ताक फुंकणारच. ताबा घेणारं माणूस कसं ओळखायचं ते लिहून देते, कागद जपून ठेव.

असं माणूस आधी मारत नाही, आधी काळजी घेतं. इतकी की आपल्याला लाज वाटावी. तुझी कामं तुला कळायच्या आत उरकून टाकतं आणि मग म्हणतं, बघ, तुला काही जमत नाही. मग तुझ्या वेळेवर पाळत सुरू. कुठे होतीस, उशीर का झाला. मग तुझी माणसं एकेक करून बाद. ह्याच्यात हे वाईट, तिच्यात ते वाईट. तू नाही म्हणालीस तर ते भांडत नाही, आजारी पडतं, म्हणजे तूच धावत यावंस. आणि शेवटी तुझ्या तोंडचं बोलणंही तेच बोलायला लागतं. तू काय म्हणणार हे तुझ्याआधी त्यालाच ठाऊक असतं. गोष्ट तिथवर गेली की समज, माणूस गेलं.

या सुताराला या कागदावर तासून बघ. कमी ऐकणारी माणसं सोयीचं तेवढं बरोबर ऐकतात.

ताई

२८ एप्रिल

ताई,

पलंग मी परत खिडकीपाशी घेतला. रागावू नकोस. सकाळी उजेड तोंडावर येतो, मला तो आवडतो. निळा पेला सुतारांनी दिला होता. कान तुटका होता म्हणून तर दिला, म्हणाले, तुम्ही डाव्या हाताने पेल्याचं अंग धरून उचलता, तुम्हाला कानाची गरज नाही. पुढच्या वेळी येण्याआधी कळव, म्हणजे मी रजा घेईन. आपण दोघी बसून बोलू.

तुझा कागद मी खरंच समोर ठेवला, एकेक ओळ लावून पाहिली. ते काळजी घेतात, पण विचारून. उशीर झाला तर वाट बघतात, जाब विचारत नाहीत. तुझ्याबद्दल नेहमी विचारतात. बरंच शोधलं, पण एकही खूण जुळली नाही.

आता खरं सांगते. ते दोन-तीन महिन्यांसाठी दूर चाललेत, एका ग्रंथालयाची कपाटं करायला. जायच्या आधी फळीवर लिहिलं, "माझ्याबरोबर राहाल का? घाई नाही. कागदावर लिहून कळवा, म्हणजे मला नीट ऐकू येईल."

माझं उत्तर हो आहे. पण तुला सांगितल्याशिवाय मी आजवर चपलासुद्धा घेतल्या नाहीत, म्हणून आधी तुला लिहितेय. तू म्हणशील माणूस पारखून घे, तेव्हा त्यांचा तिथला पत्ता मागे लिहिलाय. तुला जे विचारायचं ते विचार. मे महिनाअखेरीस मी त्यांना लिहीन. ताई, मला फार बरं वाटतंय. आज सकाळी उगाचच हसू येत होतं.

टिंगू

६ मे

टिंगू,

चार ओळीच लिहिते. परवा वर्गात फळ्यापाशी चक्कर आली. डॉक्टर म्हणतात छाती धडधडते, ताण घेऊ नका. मी म्हटलं, ताण घेतला नाही डॉक्टर, तो घरात वाढवला.

तू ये. रजा काढ. त्याला उत्तर द्यायची घाई करू नकोस, पळून चाललेला नाही तो. मी बरी झाले की दोघी बसून उत्तर लिहू.

ताई

३० जुलै

ताई,

औषधाची वेळ चुकवू नकोस. घरातून निघताना गोळ्यांची डबी फळीवर पुढेच ठेवलीय.

मी इकडे परत येऊन महिना झाला. इतके दिवस तुला पत्र लिहिलं नाही, कारण त्यांच्या पत्राची वाट पाहत होते. तुझ्याकडून निघायच्या आदल्या दिवशी, तू झोपली होतीस तेव्हा, मी त्यांना हो लिहून टाकलं होतं. तुला सांगितलं नाही, पुन्हा धडधड वाढेल म्हणून. चोरून केलेली माझी ही पहिलीच गोष्ट.

काल ते पत्र परत आलं. वरती शेरा, "इथे राहत नाहीत." मुख्य बाईंनी तिकडच्या ग्रंथालयात विचारलं. ते मे महिन्यातच काम अर्धवट टाकून निघून गेले. अशी अर्धी कपाटं टाकून जाणारा तो माणूस नाही, ताई. त्यांची हत्यारांची दुसरी पेटीसुद्धा इथे आमच्या कोठीत पडून आहे.

तू त्यांच्याबद्दल कुणाला काही विचारलं होतंस का? काही कळलं होतं का? वाईट असलं तरी सांग. मी ऐकून घेईन. काहीच माहीत नसणं फार जड जातंय.

टिंगू

५ ऑगस्ट

चि. टिंगूस अनेक आशीर्वाद.

मी कुणाला काय विचारणार, मी तर अंथरुणाला खिळले होते, तू बघितलंसच.

बाळे, जे झालं ते बरं झालं. जो माणूस न सांगता जातो तो न सांगताच आला असता तुझ्या आयुष्यात. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं. आज रडू येतं, उद्या तूच म्हणशील ताईचं बरोबर होतं. अक्षर बघ कसं झालंय तुझं, मुंग्या चालल्यासारखं. वाचताना माझे डोळे भरून आले.

आता तिथे राहून करतेस काय? मेलेल्या पानांत बसून माणूसही वाळतं. आमच्या शाळेत कारकुनाची जागा निघतेय. तुला अवघड वाटत असेल तर मुख्य बाईंना राजीनामा मी लिहिते तुझ्या वतीने, त्यात काय एवढं. तू फक्त सामान बांध.

तुझीच ताई

११ जानेवारी

ताई,

अक्षर बघून घाबरू नकोस. मी आजारी नाही. मी हे डाव्या हाताने लिहितेय. एक ओळ लिहायला फार वेळ लागतो, म्हणून गरजेचं तेवढंच लिहीन.

गेल्या गुरुवारी सुतार आले होते, हत्यारांची पेटी न्यायला. गेल्या महिन्यात त्यांनी लग्न केलं, त्यांच्या बहिणीने जुळवून दिलं. मी काही विचारलं नाही. त्यांनीच खिशातून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, घरात आता बायको आहे, हे माझ्याकडे असणं बरं नाही, आणि टाकून द्यायला मन होत नाही.

त्यात होतं की माझ्या मनात तसं काही नव्हतं. माझ्या हसण्याचा तुम्ही भलता अर्थ काढलात. पुन्हा लिहू नये. खाली माझी सही, आणि तारीख १० मे.

ताई, अक्षर माझं होतं. वेलांटी माझी, काने माझे, सही माझी. मी ते हातात घेऊन कितीतरी वेळ उभी राहिले आणि मला वाटत होतं, हे मीच लिहिलं असणार आणि विसरले असणार. तुझी शंका यायच्या आधी मला माझी शंका आली. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली, अजून वाटते.

ते गेल्यावर मी पत्र तिरक्या दिव्याखाली धरलं. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीची खोडलेली रेघ होती. शिसं जातं, दाब राहतो. रेघ आखणं मी मार्चमध्येच सोडलंय, पहिल्याच पत्रात तू त्यावरून बोलली होतीस.

त्यांना मी खरं सांगितलं नाही. सांगून काय करणार, त्यांचा संसार मांडून झालाय. इतकंच म्हटलं, बरं झालं परत आणलंत. ते म्हणाले, "मी तेव्हा यायला हवं होतं, समोर विचारायला. पण तुमचं अक्षर इतकं ठाम होतं." मग पेटी उचलून गेले.

तुझा कागद अजून माझ्यापाशी आहे. त्या रात्री पुन्हा लावून पाहिला. काळजी, किल्ली, पलंग, पेला. घरमालकिणीची पाळत. नाही म्हटलं की आजारपण. आणि शेवटी माझ्या तोंडचं बोलणं. एकही खूण सुटली नाही. एप्रिलमध्ये मी तो चुकीच्या माणसाला लावला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण दिवा तूच दिलास, म्हणून तुझे आभारसुद्धा मानायला हवेत.

आता मी ठरवलेलं सांगते. कुलूप बदललंय. घरमालकिणीशी मी बोलले, ती तुला काही कळवणार नाही. तू इथे येऊ नकोस. तू आजारी पडलीस तर शेजारची मला फोन करेल, मी डॉक्टरांशी बोलेन आणि यायचं की नाही ते मी ठरवीन. माझ्या वतीने कुणालाही एक अक्षर लिहू नकोस. आणि मी लिहीपर्यंत मलाही लिहू नकोस.

वाचताना तुझा हात तांबड्या पेन्सिलीकडे जाईल, माहीत आहे. अक्षर वाकडं आहे, पण ते कुणाला तुझं वाटणार नाही.

तुझी बहीण

१८ जानेवारी

टिंगू,

लिहू नको म्हणतेस. का नको लिहू? फाशी देणारेसुद्धा शेवटचं बोलू देतात.

वा. अडतीस वर्षं तळहातावर वाढवलं त्याचं हे फळ. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंब कुणाच्या नावाने मारायची? तीन दिवस मी जेवले नाही. हेही कागदावर लावून बघशील तू, बघ.

हो. लिहिलं मी ते पत्र. तू किती मनापासून हो म्हणणार होतीस ते मला तुझ्या अक्षरावरून कळलं होतं. एप्रिलच्या त्या पत्रात रेघ आखलेली नव्हती आणि एकही ओळ उतरली नव्हती. इतकं सरळ, इतकं हलकं अक्षर तू माझ्याकडे असताना कधी काढलं नव्हतंस. मी शाळेतून आले, दिवा लावला आणि लिहायला बसले. तुझ्यासारखं लिहायला मला काही करावं लागलं नाही, माझ्यासारखंच लिहिलं. पेटीत टाकून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी खरंच चक्कर आली. ते ढोंग नव्हतं. ढोंग त्याआधीचं होतं, वर्गातलं, जे तुला कळवलं होतं.

पण फितीचं तू मागे लिहिलं होतंस, म्हणून आज सांगते, नाहीतर हे मी माझ्याबरोबर न्यायचं ठरवलं होतं. तुला वाटतं ती फीत माझी हौस होती. तू डाव्या हाताने पाटीवर लिहिताना बाबांनी पाहिलं. तुझा तो हात त्यांनी दाराच्या फटीत धरला आणि मला म्हणाले, आठ दिवसांत ही उजव्या हाताने लिहायला लागली नाही तर दार लावतो. ते बोलायचे तसं करायचे. माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी का, हे तू कितीदा विचारलंस. विहिरीवर घसरले असं मी सांगत आले. नाही घसरले.

आठ दिवसांत मी तुझं अक्षर वळवलं. सातव्या दिवशी तू त्यांच्यापुढे उजव्या हाताने नाव लिहिलंस. ते म्हणाले, ठीक आहे. तुझा हात वाचला.

आता काय वाटायचं ते वाटू दे.

ताई

२ फेब्रुवारी

ताई,

मला माहीत नव्हतं.

पत्र वाचून मी कामावरून घरी आले आणि पलंगावर बसून दोन्ही हात बघत राहिले. करंगळीबद्दल विचारलं की तू हसायचीस आणि म्हणायचीस, विहिरीने मागितली, दिली. मी तेव्हा कितीदा ती बोटाने दाबून सरळ करायला बघायची. तुला दुखत असेल. तू कधी हात ओढून घेतला नाहीस.

तू मला वाचवलंस. हे मी आयुष्यभर म्हणेन, कुणी विचारो न विचारो.

पण बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली, ताई. दाराशी आता कुणी उभं नाही. तू मात्र अजून माझा हात धरून बसली आहेस, आणि त्यांच्यासारखंच चपलांच्या टोकांवरून मी कुठे गेले ते ओळखतेस. तुला ते दिसत नाही, आणि मला ते तुला दाखवता येत नाही. आता मला तुझा राग येत नाही. राग होता तेव्हा सोपं होतं.

मी ठरवलंय त्यात बदल नाही. येऊ नकोस, लिहू नकोस. एक दिवस मी लिहीन. कधी, ते मला माहीत नाही, म्हणून तारीख देत नाही. खोटी आशा तुला मी लावणार नाही.

गोळ्या वेळेवर घे.

तुझी बहीण

१४ मे

बाळे,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. तू नको म्हणालीस, आणि जन्मात एकदा तरी तुझं ऐकायचं ठरवलंय. पण शनिवार आला की हात शिवशिवतो, म्हणून लिहून टेबलाच्या खणात ठेवते. त्या खणात आता तेरा झालीत.

तुझं जानेवारीचं पत्र आलं त्या दिवशी मी खरंच तांबडी पेन्सिल हातात घेतली होती. तुला कसं कळलं कुणास ठाऊक. दुसऱ्या ओळीतल्या एका अक्षराला गोल केला, मग पुढे वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. नंतर रबराने तो गोल खोडला. तांबडं पुरतं जात नाही. तू पुढे कधी ते पत्र पाहिलंस तर राग मानू नकोस.

शेजारची विचारते, बहिणीचं पत्र नाही का हल्ली? पहिल्यांदा सांगितलं, कामात आहे. दुसऱ्यांदा सांगितलं, टपाल उशिरा येतं. परवा विचारलं तेव्हा म्हटलं, मी तिचं वाईट केलं, म्हणून ती लिहीत नाही. शेजारची आत जाऊन माझ्यासाठी वाटीत काहीतरी घेऊन आली. मी ते खाल्लं.

त्या सुताराला पत्र लिहून खरं सांगावं असं दोनदा मनात आलं. मग वाटलं, परत तेच. कुणाला काय सांगायचं ते तूच ठरवायचंस, मी नाही. म्हणून नाही लिहिलं.

आज सकाळी ट्रंकेच्या तळाशी ती फीत सापडली. तांबडी राहिली नाही, विटकरी झालीय. मी खुर्चीत बसले, उजवा हात खुर्चीच्या दांडीला बांधला. एका हाताने गाठ बसेना, दातांनी ओढली. मग डाव्या हाताने पाटीवर तुझं शाळेतलं नाव लिहायला घेतलं. ती वाकडी करंगळी मध्ये येत होती. पाच अक्षरं लिहायला पाऊण तास लागला आणि खांद्यापर्यंत कळ गेली. आणि मला सारखं वाटत होतं, कुणीतरी म्हणावं, पुरे, ऊठ आता. घरात म्हणायला कुणी नव्हतं.

तू पाच वर्षांची होतीस. सात दिवस, रोज दोन तास. तू रडत होतीस, नाक पुसायला हात मोकळा नव्हता, आणि मी मागे उभी राहून म्हणत होते, रेघ सोडू नकोस.

ताई